आमची वाटचाल: तळं मोजल्याशिवाय लिली देत नाही

आमच्या शेडच्या दाराशी एक बांबूची काठी टेकवून ठेवलेली असते. दर १० सेंटीमीटरवर लाल ऑइलपेंटची रेघ, ६० वर जाड रेघ. पाण्यात वाढणाऱ्या लिलींचा, म्हणजे वॉटर लिलींचा, धंदा सुरू केला तेव्हा भांडवल म्हणजे ही काठी, एक सुरा आणि १४ टब. रेघा दोनदा रंगवल्या, काठी तीच आहे. गिऱ्हाईक आलं की आमचा पहिला प्रश्न, पाणी किती खोल? दुसरा, ऊन किती तास? रंगाची गोष्ट त्यानंतर. यावरून लोक आम्हाला आडमुठे म्हणतात. म्हणोत.

सुरुवातीला आम्ही दोघं होतो. भागीदाराची जीभ गोड, माझे हात चिखलात. लिलींची चित्रं काढणारा फ्रेंच चित्रकार मोने, त्याने १८९४ मध्ये लिलींचे संकर करणाऱ्या मार्लियाकच्या फ्रान्समधल्या नर्सरीतून लिली मागवल्या, ही गोष्ट तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. त्याआधी १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मार्लियाकने आपले संकर मांडले होते, तेही सांगायचा. गोष्ट खरी आहे. फक्त मोनेचं तळं केवढं होतं हे तो सांगत नसे. ऐकणारा माणूस मग बादलीएवढ्या टबासाठी तळ्याची लिली घेऊन जायचा.

एकदा एक बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, गच्चीवर एक टब, रुंदी ६० सेंटीमीटर. त्यांना ‘ग्लॅडस्टोनियाना’ हवी होती, पांढरीशुभ्र. भागीदाराने पावती फाडलीसुद्धा. मी मध्ये पडलो. म्हटलं, बाई, हिचं एकेक पान ३० सेंटीमीटरच्या घरात जातं, वेल पसरला की दीड-दोन मीटर पाणी खाते. तुमच्या टबात पानांवर पानं चढतील आणि फूल दिसणार नाही. त्यांना ‘हेल्वोला’ दिली. बुटकी, पिवळी, फूल जेमतेम ५ सेंटीमीटर, पानावर तांबूस ठिपके. बाई नाराज होऊन गेल्या आणि भागीदार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तीन महिन्यांनी बाई वही घेऊन आल्या. कुठलं फूल किती वाजता उघडलं, किती वाजता मिटलं, सगळी नोंद. म्हणाल्या, “पहिल्या दिवशी फुलाच्या मधोमध पाणी साठलेलं असतं, दुसऱ्या दिवशी नसतं. असं का हो?” इतक्या वर्षांत हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. पहिल्या दिवशी फूल मादी असतं. त्या पाण्यात घसरलेल्या किड्याच्या अंगावरचा पराग फुलाला मिळतो. दुसऱ्या दिवसापासून पुंकेसर पराग सोडू लागतात. तीन-चार दिवसांत फूल पाण्याखाली जातं. त्या दिवसापासून बाई आमच्या झाल्या.

आता सातव्या वर्षाचं सांगतो, कारण ते अजून गिळलेलं नाही.

बाहेरून पिवळ्या हार्डी, म्हणजे थंडी सोसणाऱ्या, जातींचे ४० कंद आले. नवा माल तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा, हा नियम माझाच. भागीदार म्हणाला, ऑर्डरी अडल्यात, सोड हौदात. मी सोडले. इथं दोष त्याच्यावर ढकलता येत नाही, हात माझे होते.

पाचव्या आठवड्यात नवी पानं बारकी यायला लागली, जुनी पिवळी पडली. एक पान सहज चिमटीत धरलं तर देठासकट हातात आलं. देठाचं टोक काळं, बुळबुळीत. कंद उपसून कापला. निरोगी कंद आतून खडूसारखा पांढरा असतो. हा तपकिरी, थलथलीत, आणि वास मेलेल्या उंदरासारखा. शेंड्याची कूज. पिवळ्या जाती तिला लवकर बळी पडतात हे मला माहीत होतं. तरी घाबरून मी काय केलं? एकामागून एक कंद कापून बघत गेलो, त्याच सुऱ्याने, न धुता. आजारी कापला, की लगेच शेजारचा चांगला. रोग हौदातून जेवढा पसरला नसता तेवढा मी सुऱ्याने पसरवला. २६० कुंड्यांपैकी ४८ वाचल्या. माती फेकली, हौद कोरडे केले, कुंड्या ब्लीचच्या पाण्यात घासल्या. आता सुरे तीन आहेत आणि प्रत्येक कापानंतर सुरा धुतला जातो. तुमच्याकडे एकच सुरा असेल तर निदान स्पिरिटचा बोळा जवळ ठेवा.

भागीदार त्याच आठवड्यात गेला. गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला आणि चार पावलांवर स्वतःचं दुकान मांडलं. आमच्या प्रत्येक कुंडीला अॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर खिळ्याने कोरलेलं जातीचं नाव, तांब्याच्या तारेने बांधलेली. शाई धुऊन जाते, कोरलेलं राहतं. त्याला या पट्ट्या गबाळ्या वाटत. दुकान नीटनेटकं दिसावं म्हणून तो त्या कापून टाकायचा, आणि मग ‘अॅट्रॅक्शन’ कुठली, ‘एस्कारबूकल’ कुठली, हे फूल येईपर्यंत कुणी सांगू शकत नसे. त्याच्या नव्या दुकानात पट्ट्या नव्हत्याच, नुसते फोटो. पुढे निळ्या लिलीचं बियाणं पाकिटातून विकायला लागला. लोक ते पेरून उगवलेलं कायबाय आमच्याकडे घेऊन यायचे, निळं कधी होईल म्हणून विचारायला. अहो, संकर जात बियाण्यातून तशीच्या तशी येत नाही, कित्येक संकरांना तर बीच धरत नाही. निळा रंग मुळात ट्रॉपिकलचा, म्हणजे उष्ण प्रदेशातल्या लिलींचा. हार्डीत निळी आणायला संकरकारांना शंभराहून जास्त वर्षं लागली, ती पाकिटातून कशी निघेल?

हौद रिकामे होते तेव्हा बाई आल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेले कंद घेऊन. एव्हाना त्यांच्या गच्चीवर पाच टब झाले होते. एकात आमचीच ‘क्रोमॅटेला’, १८८७ ची जुनी पिवळी जात, दर तिसऱ्या वर्षी न चुकता विभागलेली. “तुमचंच आहे,” म्हणाल्या. आज आमच्याकडची एकूण एक पिवळी लिली त्या गच्चीवरून आलेली आहे.

त्यानंतरची बारा वर्षं बरी गेली.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. आधी तुम्ही घरी कधी असता ते बघा. दिवसा फुलणाऱ्या बहुतेक लिली दुपार कलली की मिटतात. संध्याकाळी घरी येणाऱ्याने रात्री फुलणारी ट्रॉपिकल घ्यावी. ती अंधार पडताना उघडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहते. पानाची कड करवतीसारखी असेल आणि फूल पाण्याच्या वर ताठ उभं असेल तर बहुधा ट्रॉपिकल. कड साधी, फूल पाण्यावर टेकलेलं, तर हार्डी. आणि पानाला देठापर्यंत चीर नसेल, पाणी त्यावरून मोत्यासारखं घरंगळत असेल, तर ते कमळ आहे. त्यासाठी भांडायला इथं येऊ नका.

माती चिकण, जड. शेणखत, कोकोपीट अजिबात नको, पाणी हिरवं होतं. हार्डीचा कंद कुंडीच्या कडेला तिरका, डोळा मातीच्या वर, तोंड मध्याकडे. ट्रॉपिकलचा मधोमध. वर खडी, नाहीतर मासे उकरतात. कुंडी आधी विटांवर ठेवायची, वर १५ सेंटीमीटर पाणी, पानं वर आली की एकेक वीट काढायची. निम्मं पाणी पानांनी झाकलं की पुरे. कारंजं हवंच असेल तर लिली विसरा. पानांवर सतत पाणी उडलेलं तिला सोसत नाही.

गेल्या वर्षी एक पोरगा चिठ्ठी घेऊन आला. ‘क्रोमॅटेला, ४० कंद.’ नाव नव्हतं, पण ते अक्षर मी सात वर्षं पावत्यांवर वाचलेलं. पोराला विचारलं, पाणी किती खोल? त्याला माहीत नव्हतं. फोन लावून विचारायला लावलं. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही, मग आकडा आला. ५० सेंटीमीटर.

कंद दिले. प्रत्येकाला पट्टी बांधली, तारेला दोन पीळ जास्त दिले.