'एकोज'चे सांधे : दोन्ही सीडी झाल्या, आता तिसरी

मंडळी, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'एकोज' या संकलनावरचं काम बरंच पुढे सरकलंय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. संकलनातलं प्रत्येक गाणं मूळ अल्बममधल्या गाण्याशेजारी ठेवून ऐकायचं, कुठे काय कापलंय आणि एक गाणं दुसऱ्यात कसं मिसळलंय हे वहीत टिपून ठेवायचं, एवढंच हे काम. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या या दोन सीडींवर १९६७ ते १९९४ या काळातली २६ गाणी आहेत. क्रम काळाप्रमाणे लावलेला नाही, आणि गाण्यांच्या मध्ये नेहमीची दोन-तीन सेकंदांची शांतता जवळजवळ कुठेच ठेवलेली नाही. ही जुळणी ध्वनितंत्रज्ञ जेम्स गथ्री यांची. 'द वॉल' या अल्बमच्या ध्वनिमुद्रणापासून ते या बँडबरोबर आहेत.

'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणजे नवख्यांचा माल, असं आपल्यातले बरेच जण मानतात. त्यांनी या यादीची दोन टोकं पाहावीत. सुरुवात 'अ‍ॅस्ट्रोनॉमी डॉमिने'ने होते आणि शेवट 'बाइक'ने. १९६७ च्या पहिल्या अल्बमची, म्हणजे 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन'च्या ब्रिटिश आवृत्तीची, सुरुवात आणि शेवट याच दोन गाण्यांनी होतो. सगळी कारकीर्द उचलून पहिल्या अल्बमच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधली आहे! ही दोन्ही गाणी बँडचे सुरुवातीचे गायक-गीतकार सिड बॅरेट यांची. १९६८ मध्येच ते बँडबाहेर पडले, तरी २६ पैकी पाच गाणी त्यांची आहेत. हा हिशेब लोकप्रियतेचा नाही. हे संकलन कुणाची तरी आठवण म्हणून रचलंय असं मला ठामपणे वाटतं, आणि दुसऱ्या सीडीच्या शेवटाकडे त्याचा पुरावाच मिळतो.

पहिल्या सीडीत 'सी एमिली प्ले' संपतं न संपतं तोच 'द वॉल'मधलं हेलिकॉप्टर येतं. १९६७ वरून थेट १९७९! ही उडी मला आवडली. 'अनदर ब्रिक इन द वॉल' हे शाळेचं गाणं झालं की 'एकोज' सुरू होतं, लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून सोडलेल्या कीबोर्डवादक रिक राइट यांच्या पियानोच्या त्या एकट्या सुराने. मूळ गाणं साडेतेवीस मिनिटांचं, इथे ते साडेसोळाचं केलंय. कात्री सफाईने चालवली आहे, पण सात मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत. गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी वा-वा पेडलच्या (गिटारचा सूर पायाने बदलायच्या उपकरणाच्या) वायरी उलट्या जोडून काढलेल्या त्या किंकाळ्यांचा भाग मुळात जितका अस्वस्थ करतो तितका इथे करत नाही, कारण त्यात हरवून जायला वेळच मिळत नाही. हे गाणं मूळ 'मेडल' अल्बमवरच ऐकावं, असं माझं मत.

'मरून्ड'चं उलट झालंय. साडेपाच मिनिटांचं दोनवर आणलं, पण 'हे यू' आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय' यांच्या मधला पूल म्हणून ते चोख बसतं. पुढे क्लेअर टॉरी यांचा तो शब्दांवाचूनचा आवाज येतो. १९७३ च्या अल्बमवर संगीताचं श्रेय एकट्या राइट यांना होतं. टॉरी यांचं नाव सहसंगीतकार म्हणून लागलं ते २००५ च्या तडजोडीनंतर. म्हणजे हे संकलन निघालं तेव्हाही त्या नुसत्या गायिकाच होत्या. मला हे टोचतं.

'मनी'साठी एक छोटा प्रयोग करून पाहा. गाणं सात मात्रांत आहे, म्हणून सोबत हातावर रूपक ताल मोजा. मात्रा जुळतात, वजन जुळत नाही. रूपकात पहिल्याच मात्रेला खाली, म्हणजे टाळी नाही, आणि इथे रॉजर वॉटर्स यांची बास गिटार पहिल्यावरच दणकून उतरते. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटार सुरू झाली की ताल चारावर येतो आणि गाणं एकदम धावू लागतं. तबला शिकलेल्यांना हा बदल पहिल्या ऐकण्यातच कळेल.

दुसरी सीडी उघडते 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'ने, आणि इथे माझं गथ्री यांच्याशी पटत नाही. १९७५ च्या अल्बममध्ये या रचनेचे नऊ भाग दोन टोकांना आहेत, मध्ये तीन गाणी. ते अंतर रचनेतच धरलेलं आहे. पहिले सात भाग सलग जोडले की साडेसतरा मिनिटांचं सुंदर संगीत हाती येतं, पण मधली वाट चालून पुन्हा त्याच माणसापाशी, म्हणजे ज्यांच्यासाठी ही रचना आहे त्या बॅरेट यांच्यापाशी, येणं राहून जातं.

'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' मात्र इथलं धन आहे. 'द वॉल'वरच्या १९८२ च्या चित्रपटातलं हे गाणं बँडच्या सीडीवर पहिल्यांदा आलं ते इथेच. रॉजर वॉटर्स जेमतेम पाच महिन्यांचे असताना त्यांचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स इटलीत अँझियोच्या लढाईत मारले गेले, तेच या गाण्यात आहे. त्याच वडिलांचं नाव असलेलं 'द फ्लेचर मेमोरियल होम' एकच गाणं मध्ये सोडून आधी ठेवलंय. ही सगळी सलग ऐकाल तेव्हा मधलं 'कम्फर्टेबली नम्ब' वेगळं ऐकू येतं.

आणि आता तो पुरावा. 'विश यू वेअर हिअर' संपलं की 'जगबँड ब्लूज' लागतं. आधी मित्रांनी बॅरेट यांच्या आठवणीत म्हटलेलं गाणं, लगेच बॅरेट यांचं स्वतःचं, बँडच्या अल्बमवरचं त्यांचं शेवटचं. पुढे 'हाय होप्स', केंब्रिजमधल्या तरुणपणाकडे वळून पाहणारं. तिथली घंटा विरत असताना सायकलची घंटी वाजते आणि 'बाइक' सुरू होतं. १९९४ मधून १९६७ मध्ये, एका घंटेवरून दुसरीवर. हा सांधा तेवढा हेडफोन लावून ऐकाच.

ऐकणाऱ्यांसाठी सूचना : प्लेअरमधलं क्रॉसफेड (गाणी एकमेकांत आपोआप मिसळणं) बंद ठेवा, गॅपलेस (मध्ये खंड न पडता वाजणं) चालू ठेवा, शफल (क्रम उलटसुलट करणं) तर विसराच. सुट्या फाइलींमध्ये खाच पडली तर सांधे पार बिघडतात.

आता तिसरी सीडी, माझी स्वतःची. 'मोर', 'उम्मागुम्मा', 'अ‍ॅटम हार्ट मदर' आणि 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' या चार अल्बमांतलं एकही गाणं 'एकोज'वर नाही. राइट यांचं 'समर सिक्स्टी एट' वगळलेलं मला अजिबात पटत नाही. नियम दोनच : ऐंशी मिनिटांत बसवायचं, आणि सांधे गाण्यांत आधीच असलेल्या आवाजांतूनच काढायचे. 'ग्रँचेस्टर मेडोज' पक्ष्यांच्या आवाजाने उघडतं आणि माशीवर बसलेल्या फटक्याने संपतं, त्यामुळे ते पहिलं ठरलं. 'फॅट ओल्ड सन'मध्ये चर्चच्या घंटा आहेत, म्हणून ते शेवटी ठेवतोय, 'एकोज'च्या घंटांना उत्तर म्हणून. 'सिंबलीन' कुठे बसवायचं ते अजून ठरत नाही. कुणी हे आधी केलं असेल तर तुमचा क्रम जरूर कळवा.