तव्यासमोरच्या आजी

"माझी आई पत्र्यावर भाजायची," तव्यावरून नजर न काढता आजी म्हणाल्या.

हिरोशिमातलं ओकोनोमियाकीचं छोटंसं दुकान. पातळ धिरडं, त्यावर कोबीचा हा ढीग, मग नूडल्स, अंडं. उलथन्याने दाबत गेलं की ढीग हळूहळू बसतो, कोबीला गोडी सुटते. छोट्या उलथन्याने, म्हणजे 'हेरा'ने, थेट तव्यावरूनच खायचं.

१९४५ नंतर इथे तांदळाची टंचाई होती. अमेरिकेच्या मदतीतून आलेलं पीठ आणि स्वस्तातला कोबी, यावर माणसं जगली. ज्यांनी बॉम्ब टाकला, त्यांचंच पीठ.

माझा घास हातातच राहिला. आजींनी सॉस पुढे सरकवला. "गरम आहे तोवर खा गं."

दुकानाच्या नावाच्या शेवटी 'चान' होतं; जपानीत माणसाच्या नावाला लाडाने जोडतात ते. ते त्यांच्या आईचं नाव होतं का? विचारायचं राहूनच गेलं.