कासचा लाल चिखल आणि माझी सायकल

मेकॅनिककाकांनी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा दांडा ज्यात फिरतो तो फ्रेममधला भाग, उघडून सायकल तिरकी केली, तेव्हा आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. चांगलं अर्धा कप तरी असेल. ग्रीसचा पत्ता नव्हता आणि बेअरिंग हातानं फिरवलं की वाळू दळल्यासारखा आवाज येत होता.

"ताई, प्रेशरनं धुऊन घेतली होती काय?"

घेतली होती. मागच्या पावसाळ्यात दोन-तीन वेळा, गाड्या धुतात तिथंच. पाच मिनिटांत सगळा चिखल उडून जायचा आणि घरी येईपर्यंत सायकल लखलखीत. काका म्हणाले, "ह्याचं रबर पावसाचं शिंतोडं अडवतं, पंपाची धार न्हाय अडवत." ती धार ग्रीस धुऊन नेते, पाणी आत ढकलते, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट सापडतेच असं नाही.

मला जास्त लागलं ते फ्रेमचं. माझी फ्रेम क्रोमोली स्टीलची. नावातच क्रोमियम, म्हणजे गंजणार नाही, असं मी धरून चालले होते. पण क्रोमोलीत क्रोमियम असतं साधारण १ टक्का. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान १०.५ टक्के लागतं. म्हणजे रंग गेला की ही फ्रेम साध्या लोखंडासारखीच गंजते. त्यात तिच्या नळ्या मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. बाहेरचा गंज दिसतो तरी, आतला दिसतच नाही. बेअरिंग नवी बसवली आणि ठरवलं, यापुढे सायकल घरीच धुवायची, हातानं.

आमची रविवारची वाट ठरलेली. सातारा, यवतेश्वरचा घाट, पुढे कास. जायचे पंचवीसेक किलोमीटर, तेवढेच यायचे. सप्टेंबरात पठाराकडचा रस्ता ओला असतो आणि चाकांनी उडालेला जांभ्याचा लाल चिखल फ्रेमला पोटाखालून लिंपून टाकतो. हा चिखल वाळला की त्यात बारीक कण राहतात. कोरड्या फडक्यानं तो पुसणं म्हणजे रंगावर पॉलिश पेपर फिरवणं. म्हणून पहिलं काम, नुसतं पाणी. मी झाडांना पाणी घालायची झारी वापरते. वरून हळूहळू ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, परत ओतायचं. चिखल आपण होऊन सुटतो, घासावा लागत नाही.

तोवर चेनचं उरकते. आधी चेन, मग फ्रेम. उलटं केलं तर धुतलेल्या फ्रेमवर काळे शिंतोडे उडतात. काकांनी बाटलीत थोडं डिझेल दिलं होतं. पेट्रोल कधीच घ्यायचं नाही, त्याच्या वाफा चटकन पेट घेतात आणि आमचा गॅसचा गिझर तिथून चार हातांवर आहे. डिझेलसुद्धा उघड्या जागेत, हातमोजे घालून आणि ब्रशला लागेल एवढंच. त्याआधी ब्रेकच्या दोन्ही डिस्कना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधते. डिस्कवर तेलाचा थेंब गेला की ब्रेकचे पॅड तो शोषून घेतात आणि ब्रेक धरेनासा होतो. यवतेश्वरचा उतार ज्यानं पाहिलाय त्याला यापुढे काही सांगायला नको. वापरलेलं डिझेल मोरीत ओतत नाही. बाटलीत भरून ठेवते. गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा चालतं. उरलेला गाळ काकांच्या जुन्या ऑइलच्या डब्यात.

मग फ्रेम. अर्धी बादली पाणी, झाकणभर कार शाम्पू. कपड्यांचा सोडा, भांड्यांची पावडर, काथ्या यातलं काही नको. डाग निघतात, पण रंगावरची चकाकीही जाते. थिनर तर रंगच उतरवतं. आणि फडकं! मी बाजारातून मायक्रोफायबरचं आणलं होतं, चांगलं होतं. पण सासूबाई माझं चाललेलं बघत होत्या. आत गेल्या आणि एक जुनं सुती लुगडं फाडून घेऊन आल्या.

"हे घे. धू-धूवून मऊ झालंय, ओरखडा नाही उठायचा."

"आई, अहो, जपून ठेवलेलं असेल ना तुम्ही?"

"जपलेलं असतं ते वापरायलाच. घे."

खरंच सांगते, इतकं मऊ फडकं मला दुकानात मिळालं नाही. एक तुकडा साबणाला, एक साध्या पाण्याला, एक कोरडा. वरच्या नळीपासून सुरुवात करायची, कारण घाम तिथंच टपकतो आणि घामातलं मीठ रंगाच्या बारीक भेगेतून आत जातं. मग सीटची नळी, पुढचं चाक धरणारा चिमटा, आणि सगळ्यात शेवटी मागच्या चाकाजवळचा कोपरा. उन्हात ठेवून धुवायची नाही, साबण वाळून चट्टे उठतात.

बॉटम ब्रॅकेटच्या खाली एक बारीक भोक होतं, आतलं पाणी जाण्यासाठी केलेलं. इतकी वर्षं मला ते माहीतच नव्हतं, कारण ते चिखलानं बुजलेलं होतं. उदबत्तीच्या काडीनं हळूच टोकरलं तर लाल मातीची गोळी बाहेर पडली. ही एक काडी आधी फिरवली असती तर काकांकडचा खर्च बराच वाचला असता. सीटचा दांडा वर्षातून दोनदा तरी काढावा. उंचीची खूण म्हणून त्याला चिकटपट्टी लावायची, दांडा काढायचा, सायकल उलटी करून आतलं पाणी गाळून घ्यायचं. परत घालताना दांड्याला ग्रीस, म्हणजे तो आत धरून बसत नाही. दांडा कार्बनचा असेल तर मात्र ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

पुसता पुसता खालच्या नळीवर, हँडलच्या सांध्याजवळ बोट अडलं. इंचभर लांबीची तपकिरी रेघ. पोटात गोळा आला. सांध्याजवळची भेग म्हणजे फ्रेम मोडायची सुरुवात, आणि स्टीलला भेग गेली की रंगातून गंजाची अशीच रेघ दिसते. नखानं चाचपलं, कळेना. संध्याकाळी बाहेर जायचं होतं, पण सायकल काढली नाही. दुसऱ्या दिवशी हातानं ढकलत काकांकडे नेली.

काकांनी चष्मा लावला, बारीक पॉलिश पेपरनं तेवढाच रंग काढला आणि नळी उजेडाकडे वळवली. खाली धातू सपाट होता, एकही रेघ नाही. ब्रेकची केबल तिथं घासत होती आणि केबल नि नळी यांच्यात अडकलेला कासचा चिखल कानशीसारखं काम करत होता. "धातूत रेघ दिसली असती, तर मी ही सायकल तुम्हाला चालवू दिली नसती," काका म्हणाले.

घरी येऊन उघड्या जागेवर प्रायमर लावला, वर लेकीचं निळं नेलपॉलिश, दोन हात. रंग तंतोतंत जुळला नाही तरी चालतं, हवा आणि पाणी लागायला नको. केबलखाली पारदर्शक चिकटपट्टी. सायकल सावलीत पूर्ण वाळू दिली, मगच चेनला तेल. प्रत्येक कडीला एक थेंब, पॅडल उलटं फिरवायचं आणि बाहेरचं तेल पुसून टाकायचं. त्यावरच तर पुढची धूळ बसते.

राहिलं होतं ते नळ्यांच्या आतलं. रंगाच्या दुकानातून उकळलेलं जवसाचं तेल आणलं, सीटच्या नळीतून थोडं सोडलं आणि सायकल चारी बाजूंनी कलती करत आत फिरवलं. वाळलं की त्याचा पातळ पापुद्रा धरतो. या तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. मी लुगड्याचे ते तुकडे मागच्या भिंतीवर एकेक सुटे पसरले, वर दगड ठेवले आणि वाळून कडक होईपर्यंत तिथंच राहू दिले.