उजनीच्या वर, भीमा निघते तिथवर

जुलै उजाडला की सोलापूरकर आभाळाकडं बघत नाही, दौंडकडं बघतो. दौंडमधून भीमेवरच्या उजनी धरणात किती क्युसेक पाणी येतंय, उजनी मायनसमधून प्लसमध्ये कधी येणार, हे आमच्याकडं रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. इथं वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मनात आलं तर. धरण भरतं ते पुणे जिल्ह्यातल्या पावसावर. ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे तळाशी राहणारं, एरवी हिशेबात न धरलेलं. म्हणजे शून्य टक्के म्हटलं तरी आत साठाहून जास्त टीएमसी पाणी असतं. बाहेरगावच्या पाहुण्याला हे गणित समजावताना चहा गार होतो.

तिथून शहराला पाणी येतं दोन वाटांनी. एक जलवाहिनीची. दुसरी खुद्द नदीची: उजनीतून भीमेत सोडायचं, ते पंढरपूर ओलांडून औज-टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत पोचायचं, मग उचलून सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात न्यायचं. वाटेत ऊन पितं, वाळू पिते, मोटारी पितात, आणि उरलेलं काही दिवसांआड आमच्या नळाला. त्यामुळं आमच्या डोक्यातली भीमा उजनीपासून सुरू होते. त्याच्या अलीकडं दौंड, आणि दौंडच्या अलीकडं नुसतं "वर". "वर पाऊस चालू हाय का?" असं आम्ही विचारतो. ते "वर" म्हणजे नेमकं कुठं, हे बघायला जाणारे थोडेच.

आम्ही गेलो ते आत्याच्या हट्टापायी. आत्या पंढरीची वारकरी, आणि पंढरीत भीमेलाच चंद्रभागा म्हणतात. कार्तिकीहून आली, तुळशीचं लग्न झालं आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "चंद्रभागेत एवढ्या बुड्या मारल्या, ती येते कुठनं ते नको बघायला?" आतेभावाचा बोअरचा धंदा. पावसाळा संपल्यावर त्याला थोडी सवड असते. तो म्हणाला, "बघू की. त्यात काय." झालं, निघालो.

सोलापूर ते पुणे या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं आता काही उरलेलं नाही. भिगवणला उजनीचा फुगवटा दिसला, आत्यानं गाडीतूनच हात जोडले. चाकणच्या कोंडीत अर्धा जीव गेला, तेही नेहमीचंच. राजगुरुनगरला मुक्काम केला. हुतात्मा राजगुरूंचं हे गाव, जुनं नाव खेड, आणि ते भीमेच्याच काठी आहे हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

भीमाशंकरला जाणारी बहुतेक मंडळी मंचर-घोडेगावच्या रस्त्यानं जातात. आम्ही मुद्दाम वाड्याचा रस्ता धरला, कारण तो भीमेच्या खोऱ्यातून चढतो. चासकमान धरणाचं पाणी बराच वेळ सोबत राहतं. मग ते बारीक होतं, डोंगर जवळ येतात, भाताची खाचरं कापून मोकळी झालेली दिसतात आणि तळेघरच्या पुढं हवाच बदलते. आतेभावानं एसी बंद करून काचा खाली केल्या. आत्यानं शाल काढली.

देवळाबद्दल थोडक्यात सांगते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. खोलगट जागेत आहे, म्हणून देवाकडं जाताना दोनशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या आणि येताना, पोट भरलेलं असताना, चढायच्या. शिखर नाना फडणवीसांनी बांधवलं. समोर एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तिथून ही आणली. पुराणकथा अशी की त्रिपुरासुराशी लढून थकलेले महादेव इथं विसावले, त्यांच्या अंगावरून घाम निथळला आणि त्याची भीमा झाली. गाभाऱ्याजवळ उगम पावून नदी लगेच जमिनीखाली गडप होते आणि पूर्वेला रानात पुन्हा वर येते, ते गुप्त भीमाशंकर. दर्शनाची रांग नेहमीसारखीच. रांगेतल्या शंभरातले नव्वद जण देवळातूनच माघारी फिरतात. खरं बघण्यासारखं तर त्याच्या पुढं आहे, असं माझं मत. आत्याला ते अजिबात पटलेलं नाही.

गुप्त भीमाशंकरची पायवाट देवळाजवळूनच निघते. दीड-दोन किलोमीटरच असेल. सुरुवातीला दोन्हीकडं दुकानं, मग एकदम दुकानं संपतात आणि झाडी अंगावर येते. सोलापूरच्या माणसाला ही झाडी जरा चमत्कारिकच वाटते. आमच्याकडं झाडाखाली सावली असते, इथं सावलीतच झाडं उभी आहेत. जांभूळ, अंजन, ऐन, हिरडा. मधे मधे कारवीचं रान, जी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि आम्ही गेलो तेव्हा अर्थातच फुललेली नव्हती. पायाखाली मुळ्याच मुळ्या. पाचोळा इतका की पाऊल टाकलं की आधी खाली जातं आणि मग जमीन लागते. वर सुकलेला, पण बोटानं उकरला तर खाली काळपट, ओला, भुसभुशीत. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते तरी ही ओल.

हे १९८५ मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य, साधारण १३१ चौरस किलोमीटरचं. मानाचा प्राणी शेकरू. आपल्या राज्याचा प्राणी म्हणून शाळेत पाठ केलेला, चित्रात पाहिलेला. साक्षी विनायकाच्या देवळाच्या जरा पुढं डोक्यावर काहीतरी कुरतडल्यासारखा आवाज आला. आम्ही थांबलो. फळाची सालं टपाटप खाली पडत होती, एक तर आत्याच्या पदरावर. मान वर करून शोधलं तर उंच फांदीवर आडवं पसरलेलं, तांबूस-तपकिरी, पोटाशी पिवळट, आणि खाली लोंबणारी शेपटी अंगाहून लांब. पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून ते फिरवत फिरवत सोलत होतं, आत्या कणीस सोलते तस्सं. आमच्याकडं बघितलंही नाही. शेवटी फळ टाकलं आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर अशी झेप घेतली की फांदी हलल्यावरच कळलं ते गेलं कुठं. आतेभावाचा मोबाईल खिशातून निघेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला त्याचा आनंदच झाला.

वाटेत एक मावशी ताक आणि लिंबू सरबत घेऊन बसल्या होत्या. जवळच्याच वाडीतल्या, महादेव कोळी समाजाच्या. आत्या त्यांच्याशेजारी बसली ती उठेचना. इकडच्या लोकांचं वर्षाचं गणित बाळहिरड्यावर आहे, हे मला तिथं कळलं. हिवाळा सरला की कोवळी हिरड्याची फळं गोळा करायची, वाळवायची, विकायची. भात घरापुरता, पैसा हिरड्याचा. मावशी म्हणाल्या, "झाड तोडलं तर एकदाच पैसं. ठेवलं तर दरसाल." आत्यानं विचारलं, "पाणी असतं का ओ उन्हाळ्यात?" त्यावर मावशी हसल्या. "पाऊस पडतो तेव्हा दार उघडता येत न्हाई, आन चैत्रात हंडा घेऊन उतरावं लागतं. नदी आमची, पाणी तुमचं." तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावातली बाई टँकरच्या जिल्ह्यातल्या बाईला हे सांगत होती. आत्या गप्प बसली, मग पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून मावशींच्या हातावर ठेवली. लांबोटीचा चिवडाही देणार होती, पण तो तोवर एका माकडानं आमच्या आधी संपवला होता.

पुढं वाट उतरते. दगड निसरडे आहेत, चपलेवर जाऊ नये. आत्या आतेभावाचा खांदा धरून, "विठ्ठल विठ्ठल" म्हणत उतरली. आणि मग समोर ओढ्याचं खडकाळ पात्र, एक बुटका कडा आणि त्याच्या पायथ्याशी उघड्यावर, पात्रातच असलेलं लिंग. ना गाभारा, ना कळस. पावसाळ्यात वरून धबधबा थेट त्याच्यावर कोसळतो. आम्ही गेलो तेव्हा पाण्याची करंगळीएवढी धार होती. मला वाटतं, यायचं तर याच दिवसांत यावं. श्रावणात इथं डोंगरच वाहत असतो, तेव्हा उगम कुठला आणि ओघळ कुठला, कुणी सांगावं?

आत्या पूजेत गुंतली आणि मी कड्याला लागून बाजूला गेले. तिथं खडकाला एक आडवी भेग होती, बोटभर रुंदीची. भेगेच्या ओठावर शेवाळ, शेवाळात नेचे. पाणी वाहताना दिसत नव्हतं. आधी शेवाळ नुसतंच चकाकायचं, मग त्याच्या टोकाला थेंब धरायचा, लांबायचा, सुटायचा, आणि तो पडायच्या आत शेजारी दुसरा धरलेला असायचा. भेगेच्या संबंध लांबीवर हे चाललेलं. खाली ओंजळभर खळगा, त्यात तळ स्वच्छ दिसत होता आणि तळाशी एक नखाएवढा खेकडा. मी बोट बुडवलं तसा तो तिरका सरकत कपारीत गेला. पाणी इतकं गार की बोट ठणकलं.

आतेभाऊ मागून आला. त्यानं लिंगाकडं नंतर बघितलं, आधी खडकाकडं. धंदाच तो. कड्यावर हात फिरवत म्हणाला, "ताई, हितं बघ की. हा वरचा मांजऱ्या. भोकं भोकं दिसतात ना? ह्याच्यातनं पाणी झिरपतंय. आन खाली हा काळा पाषाण, ह्याच्यातनं थेंब जायचा न्हाई. मग पाणी जाणार कुठं? आडवं निघतंय." सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. सच्छिद्र थर पाणी पितो, खालचा घट्ट थर ते अडवतो, आणि दोन्हींचा सांधा जिथं उघडा पडतो तिथं झरा फुटतो. पण थराला पाणी पाजायला वर वेळ मिळावा लागतो. मघाचा तो पाचोळा, त्या मुळ्या पावसाला धरून ठेवतात, एकदम पळू देत नाहीत. म्हणून पाऊस गेल्यावरही भेग ठिबकत राहते. "आपण तिकडं चारशे-पाचशे फूट जातो," आतेभाऊ म्हणाला, "नुसता फुफाटा वर येतो. आन हितं बघ, फुकट."

देवळातलं पाणी जमिनीखालून इथं येतं, ही कथा मला त्या भेगेपाशी फार दूरची वाटली नाही. नेमकं तेच पाणी येतं का, हे कुणी बघितलंय? पण डोंगर वर पितो आणि खाली सोडतो, एवढं तर समोर दिसतच होतं.

याच डोंगराची दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. पश्चिमेला जमीन तुटते आणि खाली कर्जत तालुका, खांडस गाव. तिकडं पडलेला पाऊस उल्हास नदीला मिळून वसईच्या खाडीकडं जातो. अलीकडं पडलेला भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. ढगाला वाऱ्यानं जरा इकडं किंवा तिकडं ढकललं की पाणी वसईला जाणार का पंढरपूरला, ते ठरलं.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. लिंगाच्या भोवती, पात्रात, झाडांच्या बुंध्याशी: पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, अगरबत्तीचे खोके, कुणाचीतरी सोडलेली वस्त्रं. हे सगळं पहिल्या पावसात खाली जाणार. ज्या पाण्याला हात जोडायला शेकडो किलोमीटर यायचं, त्याच्या तोंडात कचरा कोंबून जायचं, ही कुठली भक्ती? आम्ही पिशवीत मावेल तेवढं उचललं. आत्यानं तर एका जोडप्याला बाटली परत उचलायला लावली. वारकऱ्यांच्या दिंडीत शिस्त लावून लावून तिचा आवाज तयार झालाय.

चढून परतताना वाद निघालाच. आतेभाऊ म्हणाला, "आई, हे पाणी आधी चासकमानमध्ये अडतंय. पुढं तुळापूरला भामा येते, इंद्रायणी येते, मग मुळा-मुठा. आपल्या उजनीत भरतंय ते निम्मं पुणेकरांनी वापरून सोडलेलं." हिशेब नेमका नसेल, पण रोख बरोबर होता. पंढरपूरच्या आधी तर नीराही येऊन मिळते. वीर धरणातून पाणी सोडलं की पंढरीचं वाळवंट बुडतं, हे आत्यालाच आमच्यापेक्षा जास्त माहीत. ती दोन पायऱ्या चढली, थांबली, दम घेतला आणि म्हणाली, "असू दे. नाव हिचंच हाय का न्हाई?" ८६१ किलोमीटर, इतक्या नद्या पोटात घेऊन, शेवटपर्यंत नाव भीमाच. आतेभावाकडं यावर उत्तर नव्हतं, किंवा पायऱ्यांमुळं त्याचाही श्वास लागला होता.

कुणाला जायचं असेल तर श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. गाडी लांब लावून चालावं लागतं आणि या पायवाटेवरही जत्रा असते. सकाळी लवकर रानात शिरा, चांगली पकड असलेल्या तळव्याचे बूट घाला, खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

आत्याचं मात्र एवढ्यावर भागलेलं नाही. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम तिनं लहानपणापासून पाहिलेला आहे, तो घरचाच. आता तिला नदी संपते ते ठिकाण बघायचंय, रायचूरकडं, जिथं भीमा कृष्णेला मिळते. डिझेलचा खर्च कुणी करायचा यावर मायलेकांचं बोलणं चालू आहे.