आठ चमचे

माझा भाचा मे महिन्यात राहायला आला की फ्रिजच्या दारातल्या दुधाच्या पिशव्या आत ढकलल्या जातात आणि तिथे काळ्या पाण्याची दोन लिटरची बाटली उभी राहते. झाकण फिरवताना तो कान देऊन ऐकतो. 'स्स्स' जोरात आला तर पेय चांगलं. दुसऱ्या दिवशी आवाज बसला की उरलेलं सरळ मोरीत. गेल्या वर्षी एका दुपारी मी चष्मा लावून त्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर. त्याचा पेला ३०० मिलिलिटरचा, म्हणजे बत्तीस ग्रॅम. चहाचा सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तर आठ चमचे. एवढी साखर घातलेला चहा मी कुणापुढे ठेवला असता तर त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली असती.

मी मूळची सिंधुदुर्गातली, त्यामुळे उपाय शोधायला लांब जावं लागलं नाही. गावी काकीला फोन केला आणि चार दिवसांनी रातांब्यांचं खोकं पुण्यात दारात हजर. रातांबा म्हणजे कोकमाचं ओलं फळ, गोव्यात त्यालाच भिरंड म्हणतात. लिंबाएवढं, गडद लाल, काही तर जांभळाकडे झुकलेले. काकीच्या परड्यात तीन झाडं आहेत, त्यातल्या एकाला आजवर एकही फळ लागलेलं नाही. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं. बी लावलं तर कोण निघालं ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही आणि त्याला सहा-सात वर्षं सहज जातात. आता मादी झाडाची कलमं मिळतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जातही आहे. पण काकी त्या नराला तोडू देत नाही. "उभो आसा तर आसांदे," एवढंच म्हणते.

अमृत कोकमाची, म्हणजे कोकमाच्या सरबताच्या गोड पाकाची, कृती सोपी आहे, फक्त सवडीने करावी लागते. फळं धुऊन कोरडी करायची, मधोमध कापायची, आतला गर आणि बिया काढायच्या. बिया फेकायच्या नाहीत. त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं थिजलेलं तेल, होतं, भेगाळलेल्या टाचांना लावायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. उरलेल्या लाल वाट्यांत साखर दाबून भरायची, काचेच्या बरणीत थर लावायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि आठ दिवस उन्हात. वजनाने एक भाग साल, दोन भाग साखर. दुसऱ्याच दिवशी बरणीच्या तळाशी माणकासारखा रस दिसू लागतो. हे करताना अंगावर जुने कपडे हवेत. माझ्या ओढणीवर रस उडाला, घाईने साबण लावला, तर लाल डाग डोळ्यांदेखत निळसर झाला. शाळेतला लिटमस कागद आठवला. डाग अजून आहे.

पण बरणीत दोन किलो साखर ओतताना माझा हात थबकला. बाटलीतली साखर दिसत नाही म्हणून ती पोटात जाते. ही तर माझ्या समोर परातीत ढिगाने होती. पुन्हा कागद-पेन्सिल. अमृत कोकमात निम्म्याहून जास्त साखरच असते. पेल्याला पन्नास ग्रॅम पाक घेतला तरी तीस ग्रॅम साखर आलीच. आठ चमच्यांवरून फार तर साडेसातवर. 'घरचं म्हणजे हलकं' असं आपण किती भाबडेपणाने म्हणत असतो! मी शहाणपणा केला आणि साखर निम्मी घातली.

वर ऊनही रुसलं. दोन दिवस ढग, एका संध्याकाळी वळवाचा पाऊस, बरणी आत-बाहेर. तरी सातव्या दिवशी रस गाळला, रिकाम्या बाटलीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि ओट्यावर ठेवून विसरले. चौथ्या दिवशी भाचा ओरडत आला, "मावशी, बाटली फुगलीये!" मी झाकण जरासं फिरवलं मात्र, 'स्स्स' करून गुलाबी फेस वर आला, माझ्या मनगटावरून ओघळला आणि टाइल्सवर नक्षी काढून गेला. साखर कमी पडल्यामुळे रस आंबला होता. सोड्याला पर्याय करायला बसले होते आणि सोडाच करून ठेवला होता. भाचा भलताच खूश. त्याला चाखायचाही होता, मी दिला नाही.

काकीला फोन.

"साखर कितकी घातलंस?"

"निम्मी."

"मगे फेस येतलो नाय तर काय? साखर काय चवीक घालतत? टिकूक घालतत गो." मग जरा थांबून, "साखर नको तर आगळ कर. ता मिठान टिकता."

हे मला सुचायला हवं होतं. लहानपणापासून सोलकढी पीत आले, ती आगळाचीच. यंदा खोकं आल्यावर रातांब्यांची फोडं जाड्या मिठात घातली, रोज लाकडी डावाने हलवली, आठवड्याभराने रस गाळून काचेच्या बाटलीत भरला. बाटली गप्प उभी आहे, फुगलेली नाही. दोन चमचे आगळ, पेलाभर माठातलं पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ वेगळं घालायचं नाही, आगळ मुळातच खारट असतं.

परवा भाच्यापुढे पेला ठेवला आणि शेजारी साखरेचा डबा. म्हटलं, हवी तेवढी घाल, फक्त चमचे मोज. पहिला घोट बिनसाखरेचा घेतला तेव्हा त्याचा एक डोळा आपोआप मिटला. मग एक, दोन, तीन चमचे. ढवळलं, चाखलं. चौथा, पाचवा. सहाव्याला तो थांबला, पेला उचलून तळ दिसेपर्यंत प्यायला आणि वरच्या ओठावरची लाल मिशी पुसत म्हणाला, "माझे दोन चमचे अजून बाकी आहेत हं, मावशी. रात्री आइस्क्रीममध्ये घेतो."