मारिओचा ताशा गेला कुठे?

भाच्याने आज माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम काढला. फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी गेम मशीनची नक्कल, गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली. सोलापूरचं ऊन बघता दुपारी बाहेर कोण जातंय?

चित्र झकास. मारिओच्या उडीचा आवाज येतोय, चालही वाजतेय. पण बेस नाही, ताल नाही, वीट फुटते तीही मुकी! "मामा, टीव्ही गेला वाटतं." अरे, टीव्ही गेला असता तर सगळाच आवाज गेला असता ना!

गंमत चिपमध्ये आहे. १९८३ च्या मूळ फॅमिकॉमच्या चिपला ५ आवाज. चाल वाजवणारे २ पल्स एका पिनेतून निघतात. बेसचा ट्रँगल, ताशाचा नॉइज आणि रेकॉर्ड केलेले तुकडे दुसऱ्या पिनेतून. पुढे दोन्ही वाटा रेझिस्टरमधून (वीज रोखणारा छोटा भाग) एकत्र येतात. आमच्या नकलेतही तीच मांडणी (नवीन स्वस्त गेममध्ये चिपच्या जागी नुसता काळा ठिपका असतो, पिना दिसतच नाहीत, तिथे हात टेका). दुसऱ्या वाटेवरच्या रेझिस्टरचा पाय सुटला होता. सोल्डरचा एक थेंब, बस्स.

आता ताशा जोरात. आई आतून ओरडतेय, "मघाशी बरं होतं की रे!"