चीनमधून निघताना: शिक्के, माणसं आणि पांढरा रस्सा

चीनमध्ये शिकवायला गेलेल्या माणसाचा शेवटचा महिना सही-शिक्क्यांत आणि निरोपाच्या जेवणांत जातो. या दोन्ही गोष्टी तिथे असतानाच पुऱ्या करायच्या असतात, कारण कोल्हापुरात पोचल्यावर मागचं दार जवळजवळ बंदच होतं. २९ जून २०२० रोजी भारताने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत वीचॅटही होतं. तिकडचा वर्गाचा ग्रुप, घरमालक, पगाराची विचारपूस, सगळं त्याच वीचॅटवर. आणि तिकडच्या लोकांकडे व्हीपीएनशिवाय, म्हणजे अडवलेल्या साइट उघडून देणाऱ्या सोयीशिवाय, ना जीमेल उघडतं, ना व्हॉट्सअ‍ॅप. त्यामुळे "घरी गेल्यावर बघू" म्हणून काहीही मागे ठेवू नका.

आधी कागद. करार मुदतीआधी सोडायचा असेल तर ३० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. मुदत आपोआप संपणार असेल तरीही दोन महिने आधी ऑफिसात विषय काढा, कारण तीन कागद हातात पडल्याशिवाय निघायचं नाही: नोकरी सोडल्याचा दाखला, ज्याला तिथे 'लीज् चंगमिंग' म्हणतात, चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतलं अनुभव प्रमाणपत्र, आणि गुन्ह्याची नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला. हा तिसरा कागद परत आल्यावर मिळवायचा म्हणजे तिथल्या कुणाला तरी मुखत्यारपत्र देण्यापासून सुरुवात.

कागद हातात आला की पहिल्यांदा शिक्का बघा. गोल, लाल, मधे पाच टोकांचा तारा आणि कडेने संस्थेचं पूर्ण नाव. तिथे याला 'कुंगचांग' म्हणतात आणि सहीपेक्षा त्याला वजन जास्त. विभागप्रमुखांनी प्रेमाने लिहिलेलं पानभर पत्र असलं तरी शिक्का नसेल तर ते आठवण म्हणून जपायचं, नोकरीच्या अर्जाला लावता येत नाही. मग नाव तपासा. पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावाला जोडून असतं, आणि चिनी नोंदीत आडनाव आधी येतं. करारात एक, दाखल्यात दुसरं आणि बँकेत तिसरं असं झालं की पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा देत बसावं लागतं. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची झेरॉक्स देऊन "अगदी असंच लिहा" म्हणून सांगितलेलं बरं.

एका ठिकाणी भलेभले फसतात. चीनमध्ये अपोस्टिलची, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून एकच सरकारी शिक्का मारण्याची पद्धत ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाली, त्यामुळे इतर देशांचे सहकारी एकाच शिक्क्यावर मोकळे होतात. चीन आणि भारत यांच्यात मात्र ती लागू नाही. आपल्याला जुनीच वाट: आधी तिथला नोटरी, मग चिनी परराष्ट्र खात्याचं किंवा प्रांताच्या परराष्ट्र कार्यालयाचं प्रमाणीकरण, आणि शेवटी भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. दूतावास बीजिंगला, वाणिज्य दूतावास शांघाय आणि क्वांगचौला. तुमचा प्रांत कुणाच्या हद्दीत येतो ते आधी विचारा. दोन महिने म्हणतो ते यासाठीच.

पैशांच्या बाबतीत क्रम चुकला की अडकलात. पगाराचे युआन बदलून भारतात पाठवायला बँक मूळ पासपोर्ट, वर्क परमिट, करार आणि कर भरल्याचा दाखला मागते. हा दाखला सरकारी आयकर अ‍ॅपवरून क्यूआर कोडसकट काढता येतो. हे कागद नसतील तर परदेशी माणसाला दिवसाला ५०० डॉलरएवढेच बदलून मिळतात. करार संपला की संस्था १० कामाच्या दिवसांत वर्क परमिट रद्द करायला टाकते. म्हणून आधी पैसे पाठवा, मगच परमिट रद्द होऊ द्या. शेवटचा पगार उशिरा येणार असेल तर तो कधी येईल हे लेखी घ्या. तिथला सामाजिक विमा भरला असेल तर पेन्शनच्या वैयक्तिक खात्यात पगाराच्या ८ टक्के जमा होत आलेले असतात. कायमचं निघताना ते काढता येतात, पण ती रक्कम चालू असलेल्या बँक खात्यावरच येते. घराची अनामतही बहुधा वीचॅटवरच परत मिळते, त्यामुळे वीज-पाणी-गॅसच्या मीटरचे फोटो काढून घरमालकाचा हिशेब निघण्याच्या चार दिवस आधीच मिटवा. वीचॅटमधली शिल्लक बँकेत वळवा. खातं सगळ्यात शेवटी बंद करा.

रोख नेत असाल तर २०,००० युआनपर्यंतच नेता येतात. पण ते घेऊन कोल्हापूरच्या राजारामपुरीत बदलायला दुकानं शोधत फिरण्यापेक्षा तिथेच डॉलर करून घेतलेले बरे.

परमिट रद्द झाल्यावर थोडं फिरायचं असेल तर व्हिसाचं काम बघणाऱ्या एक्झिट-एंट्री कार्यालयातून थोड्या दिवसांचा थांबण्याचा परवाना काढावा लागतो. पासपोर्टवर जुन्या परवान्याची पुढची तारीख दिसते म्हणून निवांत राहू नका. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० युआन दंड, कमाल १०,०००.

आता माणसं. निघण्याआधी वर्गात एक वही फिरवा आणि प्रत्येकाचा ईमेल त्याच्याच हातानं लिहून घ्या. बहुतेकांचा १६३ डॉट कॉमचा पत्ता असतो. तिथून आपल्या जीमेलवर पत्र व्यवस्थित येतं. वीचॅटवरचे फोटो आणि व्हिडिओ त्याच आठवड्यात हार्ड डिस्कवर उतरवा. वेळेत न उघडलेली फाइल तिथे 'मुदत संपली' म्हणून कायमची जाते.

विद्यार्थ्यांकडून महागडी भेट घेऊ नका. शिक्षकांनी विद्यार्थी-पालकांकडून भेटवस्तू घेण्यावर चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०१४ मध्ये कडक बंदी घातली आहे, आणि त्याचा त्रास तुम्हालाच नाही, तुमच्या शाळेलाही होऊ शकतो. हातानं लिहिलेलं कार्ड मात्र दोन्ही हातांनी घ्या. नकाशा किंवा पृथ्वीगोल कुणी दिला तर गोड बोलून नाकारा. सीमारेषांमुळे दोन्ही देशांचं कस्टम तो अडवतं.

आपण द्यायच्या भेटीत कोल्हापूरकराचा हात पहिल्यांदा चपलेकडे जातो. नेमकी तीच देऊ नये. चिनी भाषेत 'श्ये' म्हणजे पादत्राण, आणि तसाच उच्चार 'वाईट, अशुभ' या अर्थाच्या शब्दाचाही आहे. शिवाय चप्पल देणं म्हणजे 'चालते व्हा' असं सुचवणं. घड्याळ आणि छत्रीही अशीच वर्ज्य: घड्याळ देण्याचा उच्चार अंत्यसंस्काराला जाण्यासारखा, तर छत्रीचा पांगण्यासारखा. भेट दिल्यावर समोरचा दोनदा नको म्हणेल, आणि घेतली तरी तुमच्यासमोर उघडणार नाही. मनाला लावून घेऊ नका, ती त्यांची रीत आहे.

निरोपाच्या जेवणात यजमान दाराकडे तोंड करून बसतात आणि पाहुण्याला उजवीकडे बसवतात. ग्लासला ग्लास लावताना आपल्या ग्लासची कड वडीलधाऱ्यांच्या कडेपेक्षा खाली ठेवा. पन्नास टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली चिनी दारू, बायच्यू, झेपत नसेल तर पहिल्याच फेरीला चहाचा पेला उचलून 'यी छा दाय ज्यू', दारूऐवजी चहा, असं म्हणा. तिसऱ्या फेरीला म्हणालात तर मात्र यजमानांना अवघडल्यासारखं होतं.

उलट जेवण आपण घालावं, आणि त्याला पांढऱ्या रश्श्यासारखा पदार्थ नाही. आठ जणांना एक किलो मटण. फक्त खसखस नेऊ नका: चीनमध्ये अफूच्या बिया खाण्यात वापरायला कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी वीस काजू आणि दोन मोठे चमचे पांढरे तीळ भिजवून, अगदी गुळगुळीत वाटून घ्या. नारळाच्या दुधाचे ४०० मिलिचे दोन डबे लागतात. दुकानात जागोजागी मिळणारं नारळाचं पेय घेऊ नका, ते गोड असतं आणि रस्सा वाया जातो. इंडक्शनची शेगडी मंद म्हटली तरी धपाधप तापते, म्हणून मटणाचं पाणी आणि वाटण उकळून झाल्यावर भांडं उतरवूनच दूध घाला. पुन्हा उकळी आली की फुटलं. मिरची घालताना प्रांत बघा: सछ्वानमध्ये हात मोकळा सोडा, क्वांगचौला आवरा.

उत्तरेकडे निघणाऱ्याला डंपलिंग आणि येणाऱ्याला नूडल्स देण्याची रीत आहे. आपण हातावर दही-साखर ठेवतो, तसंच. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्यांच्या 'त्साय-ज्यान'मध्येही 'पुन्हा भेटू' एवढंच आहे. सहकारी 'श-बु-द' म्हणाले तर त्याचा अर्थ 'सोडवत नाही'. हा शब्द ते उगाच वापरत नाहीत.

सिमकार्ड मात्र शेवटपर्यंत चालू ठेवा. टॅक्सीपासून विमानतळाच्या वायफायपर्यंत ओटीपी त्याच नंबरवर येतो. चीनमध्येच एखादं विमान बदलायचं असेल तर पॉवर बँकेवर ३सी हे चीनचं सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह स्पष्ट दिसायला हवं. २८ जून २०२५ पासून त्याशिवाय ती देशांतर्गत विमानात नेता येत नाही.

आणि स्टेशनवरचा निरोप. कोल्हापूरला महालक्ष्मी एक्स्प्रेस हलेपर्यंत सगळं घर डब्याच्या खिडकीशी उभं असतं. चीनमध्ये हायस्पीड रेल्वेच्या स्टेशनात तिकिटाशिवाय सहसा आत सोडत नाहीत, आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. पोचवायला आलेली मुलं तपासणीच्या दारातच थांबतात. म्हणून तासभर आधी पोचा आणि बोलायचं ते सगळं बाहेरच बोलून घ्या. कुणीतरी उकडलेली अंडी आणि फळांची पिशवी हातात देईल. सामान खाली ठेवून ती दोन्ही हातांनी घ्या.